डावीकडचा आवाज

“ॲम्प्लिफायरला तीस हजार. उरलेल्या पंधरात स्पीकर आणि सीडी प्लेअर,” बाबा म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. “ताकद महत्त्वाची. स्पीकर म्हणजे शेवटी काय, एक खोकं.”

आमची एसटी खंबाटकीचा घाट उतरत होती. आई खिडकीशी बसली होती, मी मधे आणि बाबा कडेला. साताऱ्याहून पुण्याला आम्ही तिघं पहिल्यांदाच एकत्र चाललो होतो, आणि तेही गाणं ऐकायचं यंत्र आणायला.

“आईला विचारलंत का?” मी म्हटलं.

“काय विचारायचं? तिला वॉट म्हणजे काय कळतं का?” बाबा हसले. आईने खिडकीबाहेरची नजर आत वळवली नाही.

पैसे आईचे होते. मामाने सावंतवाडीचं घर विकलं आणि बहिणीचा वाटा म्हणून पंचेचाळीस हजारांचा चेक आईच्या नावाने पाठवला. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “एक चांगलं गाणं ऐकायचं मशीन घेऊ या.” माझ्या आठवणीत तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली वस्तू. त्याच संध्याकाळी बाबांनी मासिकं जमवायला सुरुवात केली, चार जणांना फोन लावले, तक्ते आखले, आणि आठवड्याभरात ते यंत्र बाबांचं झालं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. वर्गातल्या मुलांवर ओरडायचे, घरात मात्र तोंड मिटून असायचे.

बाबा, म्हणजे मनोहर पोतदार, सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. पण साताऱ्यात त्यांची ओळख होती ती ‘स्वरसंगत’ या मंडळाचे सचिव म्हणून. ते साप्ताहिकात गाण्यावर लिहीत. त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख रुक्मिणीबाई आरोंदेकरांच्या एका तानेवर होता. बाहत्तर साली कोल्हापुरात बाईंची मैफल झाली होती, त्रेसष्टाव्या वर्षी बाई नायकी कानडा गायल्या होत्या, आणि द्रुत बंदिशीत तीन आवर्तनांची एक तान अशी आली होती की ऐकणारा श्वास घ्यायला विसरावा. ब्याऐंशी साली त्या मैफलीची कॅसेट निघाली, पुढे सीडीही आली. बाबांनी लिहिलं होतं, ‘ही तान म्हणजे वयाने कलेपुढे टेकलेले गुडघे.’ हे वाक्य गावात लोक पाठ म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे.

आई लग्नाआधी सहा वर्षं बाईंकडे शिकत होती. त्या मैफलीत ती मागे तंबोरा घेऊन बसली होती. पाहुणे आले की बाबा आवर्जून सांगत, “आमच्या मंडळींनी बाईंचा तंबोरा लावलाय बरं का!” मग पाहुणे स्वयंपाकघराच्या दिशेने कौतुकाने बघायचे, आणि आई पोहे घेऊन बाहेर यायची. आईला गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं. लग्नानंतर चाळीतल्या दोन खोल्या, सासू-सासरे, पुढे मी. गाणं सुटलं, असं ती सांगायची. मी त्यापुढे कधी काही विचारलं नाही.

दुकान टिळक रस्त्याजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. मालक घारपुरे साठीच्या पुढचे, मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. बोलणं पुणेरी, म्हणजे गिऱ्हाइकाची गरज नसल्यासारखं.

बाबांनी कागद उलगडून त्यांच्यापुढे ठेवला. “मला हा ॲम्प्लिफायर हवा. शंभर वॉटचा.”

“खोली केवढी?”

“बारा बाय अठरा. पण श्रोते असतात ना, तीस-तीस माणसं. आमची श्रवणसत्रं असतात.”

“शंभर वॉट लावलेत तर तीस माणसं बहिरी होतील,” घारपुरे म्हणाले. “पंचेचाळीसमधले निम्मे स्पीकरवर घाला. पंधराच्या आत चांगला लहान ॲम्प्लिफायर मिळतो. राहिलेल्यात प्लेअर. वायरींवर एक पैसा जास्त घालवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि स्पीकर भिंतीला चिकटवू नका. त्याला पैसे पडत नाहीत.”

“मी याचा अभ्यास केलाय,” बाबा म्हणाले.

“वाचून?”

“अर्थात.”

“मग आता ऐकून करा.”

मला घारपुरे तिथेच आवडले. बाबांना मात्र ते आवडले नव्हते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ऐकायच्या खोलीत जाड गालिचा होता आणि मधोमध एक खुर्ची. आधी बाबांच्या यादीतलं लावायचं ठरलं. काळा, अवजड ॲम्प्लिफायर. समोर निळे दिवे आणि त्यात थरथरणारे काटे. त्याला जोडलेले कमरेएवढे उंच, पण स्वस्तातले स्पीकर. बाबांनी पिशवीतून सीडी काढली. अर्थातच तीच.

“नायकी ऐका बाईंचा,” ते घारपुऱ्यांना म्हणाले. “द्रुत लावा. सातव्या मिनिटाला जी तान आहे...”

तबला असा घुमला की माझ्या छातीत धडधडलं. बाईंचा आवाज भिंतीसारखा अंगावर आला. तान आली तेव्हा बाबांनी डोळे मिटून हात वर केला, आणि संपल्यावर म्हणाले, “वा! ही ताकद! घारपुरे, वाचलंय का तुम्ही माझं यावरचं?”

“नाही.”

“जरा लहान करता येईल का आवाज?” आई म्हणाली. दुकानात शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“अगं, लहान करून काय ऐकायचं त्यात?” बाबा म्हणाले. “मोठ्या आवाजातच बारकावे कळतात.”

घारपुऱ्यांनी बाबांकडे बघितलं, मग आईकडे. “वहिनी, तुम्ही गाता?”

“छे छे,” बाबाच म्हणाले. “तंबोऱ्यावर असायची बाईंच्या मागे. याच मैफलीत होती की!”

मी दात आवळले. प्रश्न तिला विचारला होता, उत्तर तिचं होतं, आणि तेही तिच्या तोंडून काढून घेतलं गेलं. हे घरात रोज चालायचं. त्या दिवशी परक्या माणसासमोर ते मला उघडं दिसलं, एवढंच.

“मग तुम्हीच बसा इथे,” घारपुऱ्यांनी आईला मधल्या खुर्चीकडे हात दाखवला. त्यांनी वायरी बदलल्या. आता दोन लहान स्पीकर होते, लाकडी, कुकरच्या खोक्याएवढे, लोखंडी स्टँडवर ठेवलेले. आणि एक साधा, बिनदिव्यांचा ॲम्प्लिफायर. “यांची जोडी बावीस हजार. दिसायला काही नाहीत.”

“बावीस? यांना?” बाबा म्हणाले.

गाणं सुरू झालं आणि मी उभी होते तिथेच वळले. बाई समोर बसल्या होत्या. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. दोन खोक्यांच्या मधे, जिथे नुसती भिंत होती, तिथे बाई बसून गात होत्या. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे. तंबोरे मागे. कुणीतरी श्रोता पुढे कुजबुजला तेही कळलं. घारपुरे आईच्या खुर्चीमागे उभे राहून ऐकत होते. बाबा ॲम्प्लिफायरजवळ उभे राहून किंमत लिहिलेला पुठ्ठा वाचत होते.

तान आली. गेली. घारपुऱ्यांनी पुढे होऊन गाणं थांबवलं.

“हा दुसरा आवाज कुणाचा?”

“साथीला शिष्या असतात,” बाबा म्हणाले. “मधून मधून सूर धरतात. तुम्ही शास्त्रीय फारसं ऐकत नसाल.”

“साथ वेगळी. ती आधी आहेच.” घारपुऱ्यांनी गाणं मागे घेतलं. “मी तानेचं म्हणतोय. इकडे या, वहिनींच्या मागे उभे राहा. तिथून कळायचं नाही.”

बाबा नाइलाजाने आले. मीही आले.

“ऐका. बाई मधोमध आहेत. बरोबर? मुखडा मधोमध. आता. गेला आवाज डावीकडे. तबलजीच्या मागे. आणि मधे कोण आहे? कुणी नाही.” घारपुरे थांबले. मग बोट वर केलं. “मधे खोकला आहे.”

मी ऐकला. पूर्ण तान डावीकडच्या कोपऱ्यातून, तंबोऱ्यांच्या जवळून, वर चढत होती; आणि त्याच वेळी अगदी मधे, बाईंच्या जागेवर, एक बाई तोंडाला पदर लावून खोकत होती. दोनदा. मग तान उतरून समेवर आली आणि मधला आवाज पुन्हा सुरू झाला, थोडा बसलेला.

“माणूस एका वेळी तान आणि खोकला घेऊ शकत नाही,” घारपुरे म्हणाले. “बाकी मला शास्त्रीयातलं फारसं कळत नाही.”

मी आईकडे बघितलं. ती समोर भिंतीकडे बघत होती. उजवा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती, तानेच्या वळणांबरोबर. तान संपली होती तरी.

“आई,” मी म्हटलं, “तू?”

“हो,” आई म्हणाली.

सातव्या वर्षापासून मी ती तान ऐकत आले होते. कॅसेट लागायची तेव्हा आई आत भाकऱ्या थापत असायची. त्या तानेला बाबा टाळी द्यायचे, पाहुणे माना हलवायचे, आणि जिची तान ती बाई मागून विचारायची, “चहा टाकू का?”

“तू कधी बोलली नाहीस?” मी ओरडलेच.

“सांगितलं होतं. कॅसेट आली तेव्हा.” ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती बाबांकडे. “तुम्ही हसलात. म्हणालात, बाईंची तान कुठली आणि तुझी कुठली, हे मला कळत नाही होय? आणि पुन्हा कुणापुढे असलं बोलू नकोस, लोक वेड्यात काढतील.”

मला अजूनही वाटतं, त्या क्षणी बाबा काहीही बोलले असते, नुसतं ‘अरे!’ म्हणाले असते, तरी मी त्यांना माफ केलं असतं. सोळा वर्षांची चूक होती, पण ती कानाची चूक होती. घरातल्या एका स्पीकरच्या टू-इन-वनवर दोन्ही आवाज एक होत. एकाच गुरूचं गाणं, एकच पट्टी. ते कबूल करायला वेळ लागला असता, लागू द्या.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि घारपुऱ्यांना म्हणाले, “तो मोठा ॲम्प्लिफायर पॅक करा. उंच स्पीकरसकट.”

घारपुऱ्यांनी आईकडे बघितलं.

“हे लहान घरगुती ऐकायला ठीक आहेत,” बाबा पुढे बोलत राहिले. “आमच्या सत्रांना ताकद लागते. आणि या स्पीकरमध्ये, मला वाटतं, आवाजाची फाटाफूट होते. गाणं एकसंध राहत नाही.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. त्यांना ऐकू आलं होतं! मी त्यांचा चेहरा बघितला होता, खोकला आला तेव्हा त्यांची मान झटक्याने वर झाली होती. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, म्हणूनच त्यांना ते यंत्र हवं होतं ज्याच्यात ते ऐकू येणार नव्हतं. आणि तेही तिच्या पैशांनी.

“बाबा, तुम्हाला लाज...” मी सुरुवात केली.

“थांब,” आई म्हणाली. ती खुर्चीतून उठली. पर्स उघडून तिने चेकबुक काढलं आणि काउंटरवर ठेवलं. “हे लहान द्या. हा साधा ॲम्प्लिफायर द्या. प्लेअर तुम्ही म्हणाल तो.”

“अगं, पण मी म्हणतोय ना...”

“अहो, घर माझ्या वडिलांचं होतं,” आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “कुठे किती लिहू, घारपुरे?”

परतीच्या एसटीत एक स्पीकर तिच्या मांडीवर होता आणि एक माझ्या. बाबा आमच्यापासून चार रांगा पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. शिरवळच्या पुढे मी विचारलं, “नक्की काय झालं होतं गं त्या दिवशी?”

“बाईंना आठवडाभर खोकला होता. तान उचलायच्या आधी त्यांनी हात मागे केला आणि बोटांनी खूण केली. म्हणजे तू घे.” आईने स्पीकरवरची धूळ पदराने पुसली. “मी घेतली. एकवीस वर्षांची होते. घाबरायचंसुद्धा सुचलं नाही.”

“आणि कॅसेटवर नाव?”

“बाई म्हणाल्या होत्या, घालायला सांगते. कॅसेट निघाली तेव्हा मी तुला घेऊन कोल्हापूरला गेले. बाईंनी मला साडी दिली. नावाचं काही बोलल्या नाहीत.”

“मग?”

“बोहारणीला घातली ती साडी. एक पातेलं आलं.”

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी घरी श्रवणसत्र झालं. बाईंच्या त्या मैफलीवर बोलायचं आधीच जाहीर झालं होतं, त्यामुळे बाबांना विषय बदलता आला नाही. सतरंज्या घातल्या, शेजारून खुर्च्या आणल्या. मंडळातले पंचवीसेक लोक आले. बाबा झब्बा घालून लहान स्पीकरच्या बाजूला बसले आणि पाऊण तास सुरेख बोलले. सुरेखच. ते मला कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी गाणं लावलं.

मी दारात उभी होते. आई माझ्या शेजारी. मला खात्री होती की आता सगळ्यांना कळेल. एवढे जाणकार, वर्षानुवर्षं ऐकणारे. तान आली, लोकांनी माना डोलावल्या, कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणालं. संपली. कुणालाही काही कळलं नव्हतं. लोक कव्हरवर छापलेलं नाव ऐकत होते.

फक्त डॉक्टर भणगे मधल्या खुर्चीत होते. कानाचेच डॉक्टर, सत्तरीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, “मनोहरराव, एक शंका. तानेच्या वेळी आवाज बाजूला सरकल्यासारखा वाटतो. डावीकडे. माझाच काही भ्रम आहे का?”

आईने पदराचं टोक मुठीत घेतलं होतं. बाबांनी एकदा दाराकडे बघितलं. आम्ही दोघी तिथे आहोत हे त्यांना माहीत होतं. आणि ते हसले. छान, मोकळं हसले.

“डॉक्टर, तुमच्या कानांना दाद दिली पाहिजे. भ्रम नाही. बाईंची ती लकबच होती. अवघड तान आली की त्या तबलजीकडे मान वळवत. या नव्या यंत्रणेमुळे आज आपल्याला बाईंची वळलेली मानसुद्धा ऐकू येते आहे!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी वहीत लिहून घेतलं.

मी पुढे झेपावले, तर आईने माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की दुसऱ्या दिवशी वळ होता. तिने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

“का थांबवलंस?” मी रडत होते, संतापाने. “पंचवीस माणसांसमोर, तुझ्या तोंडावर खोटं बोलले ते! मी सांगणार होते!”

“तू सांगून काय?” आई म्हणाली. “मी त्यांच्यासाठी थांबले होते. दुकानात म्हटलं, धक्का बसला असेल. आज डॉक्टरांनी हातात आयतं दिलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.” तिने गॅसवर कॉफीचं पातेलं ठेवलं. “कळलं मला आता.”

“काय कळलं?”

तिने कप मांडले. बाहेर लोक बाबांचं अभिनंदन करत होते.

मी बाबांशी बोलणं टाकलं. जेवायला वाढणं, फोन देणं, एवढंच. त्यांना त्याचा त्रास व्हायचा, पण कारण विचारायचं धैर्य त्यांना नव्हतं. आई मात्र बोलायची, नेहमीसारखी, फक्त दुपारी दोन ते चार ती बाहेरच्या खोलीत खुर्ची मधोमध ओढून गाणी ऐकायची आणि त्या वेळी कुणी चहा मागितला तर म्हणायची, “करून घ्या.”

पुढच्या फेब्रुवारीत बाबांच्या लेखांचं पुस्तक निघालं. पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने काढलं. लेखकाच्या पन्नास प्रती घरी आल्या, दोन गठ्ठे, सुतळीने बांधलेले. बाबा संध्याकाळी फिरायला गेल्यावर मी एक प्रत काढून तो लेख उघडला. मनात कुठेतरी आशा होती, हे आज लिहितानाही सांगायला लाज वाटते. लेख होता तसाच होता, वयाने टेकलेल्या गुडघ्यांसकट. खाली एक नवी तळटीप होती: ‘उत्तम ध्वनियंत्रणेवर ऐकल्यास या ठिकाणी बाईंनी तबलजीकडे मान वळवल्याचे स्पष्ट जाणवते.’

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. आईने ते उचललं, पान शोधलं, वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“तुझं पेन दे,” ती म्हणाली.

चार दुपारी ती बसली होती. गठ्ठे सोडले, एकेक प्रत घेतली, पान एकशे बारा काढलं, तळटिपेवर पट्टी ठेवून निळ्या शाईने सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं: ‘ही तान मी गायले आहे. बाईंना त्या वेळी खोकला आला होता. – कुमुद वेर्लेकर.’ ते तिचं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ते बदलून माधवी ठेवलं होतं. मी तिला त्या नावाने सही करताना पहिल्यांदा बघत होते, आणि अक्षर इतकं सवयीचं होतं की जणू ती मधली पंचवीस वर्षं तेच लिहीत आली होती.

चौथ्या दुपारी बाबा लवकर आले. जमिनीवर पुस्तकं पसरलेली बघून म्हणाले, “हे काय चाललंय?”

“शुद्धिपत्र,” आई म्हणाली. मान वर न करता. “छापताना चुका राहतात.”

बाबांनी एक प्रत उचलली. उभ्यानेच वाचली. बराच वेळ. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस खाली बसेल.

“ह्या प्रती मी लोकांना कशा देऊ आता?” ते म्हणाले.

“नका देऊ. मी देते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला फोन करून लेखकाच्या सवलतीत आणखी वीस प्रती मागवल्या. कोऱ्या. त्या त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवल्या आणि मंडळातल्या लोकांना आपल्या हाताने दिल्या. बाबा जाईपर्यंत, म्हणजे पुढे अकरा वर्षं, साताऱ्यात त्या पुस्तकाच्या दोन तऱ्हेच्या प्रती फिरत होत्या, आणि कुणाकडे कोणती आहे ते आम्हाला घरात बरोबर माहीत असायचं.

आईने पहिली प्रत डॉक्टर भणग्यांकडे पाठवली. मीच नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिना चढून आले, धापा टाकत, पुस्तक काखेत. आईने त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. गाणं लावलं. खोकल्यापाशी त्यांनी हात वर केला, मागे घ्यायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि मग तिसऱ्यांदा नुसती तान ऐकली.

“कुमुदताई,” ते म्हणाले, “मनोहरराव कुठे आहेत?”

“आतल्या खोलीत आहेत,” आई म्हणाली. “बसा तुम्ही. त्यांना हे ऐकू येत नाही.”